न्याय कोणाला दिला? येसूबाई, वढू आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीचा शेवट

१

मराठी ग्रंथपरीक्षणात 'न्याय दिला आहे' हा वाक्प्रयोग इतका रुळला आहे की त्यातील न्यायालयीन अर्थ कोणाच्या ध्यानातही येत नाही. कादंबरीकार एखाद्या ऐतिहासिक स्त्रीला चार प्रसंग, दोन स्वगते आणि निरोपाचा एक देखावा बहाल करतो. परीक्षणकर्ता निकाल देऊन मोकळा होतो की या उपेक्षित व्यक्तिरेखेला लेखकाने न्याय दिला. फिर्याद काय होती, पुरावा कोणता तपासला गेला आणि निकाल नेमका कोणाच्या बाजूने लागला, हे विचारण्याची प्रथा नाही. छत्रपती संभाजीराजांच्या प्रथम पत्नी येसूबाई यांच्या वाट्याला असा एकतर्फी निकाल वारंवार आला आहे. शिवाजी सावंत यांची 'छावा' (१९७९), विश्वास पाटील यांची 'संभाजी', २०१७ ते २०२० या काळात घरोघर पाहिली गेलेली 'स्वराज्यरक्षक संभाजी' ही मालिका आणि 'छावा'वर आधारलेला २०२५ चा हिंदी चित्रपट या प्रत्येक टप्प्यावर येसूबाईंचे स्थान अधिक ठळक झाल्याचा आनंद व्यक्त केला गेला. हा आनंद अस्थानी आहे. येसूबाईंच्या आयुष्यातील ज्या भागाला ठळकपणा लाभला तो त्यांच्या आयुष्याचा लहान भाग आहे. ज्याला 'न्याय' म्हटले गेले तो त्या भागालाच संपूर्ण आयुष्य ठरविण्याचा प्रकार आहे.

येथे वादाचा विषय एखाद्या लेखकाची कुवत हा नाही. संभाजीराजांवर कादंबरी लिहिणाऱ्याने ती संभाजीराजांच्या अंताशी संपवावी, हा त्याचा अधिकार कोणीही मान्य करील. प्रश्न त्या पुढचा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ एक संपूर्ण वाङ्मयप्रकार एकाच जागी येऊन का थांबतो, आणि ते थांबणे समीक्षेला का खटकत नाही, हा तो प्रश्न. ती जागा भूगोलात दाखविता येते. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेच्या परिसरात असलेले वढू बुद्रुक ही ती जागा होय.

२

प्रथम काळाचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्के यांची ही कन्या भोसल्यांच्या घरात आली ती राजकीय सोयरिकीतून. तिचे बंधू गणोजी शिर्के यांना शिवाजीमहाराजांची कन्या राजकुंवरबाई दिलेली होती. १६८१ च्या जानेवारीत संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला. १८ मे १६८२ रोजी गांगवली येथे पुत्र शाहू यांचा जन्म झाला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे राजे पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला, भीमाकाठी त्यांचा वध झाला. राणीपदाची वर्षे आठ.

याच्या पुढे काय झाले? राजे पकडले गेल्यानंतर राजाराममहाराजांना गादीवर बसविण्यात आले. मार्चअखेर इतिकादखानाचा, म्हणजेच पुढच्या झुल्फिकारखानाचा, वेढा रायगडाला पडला. एप्रिलच्या आरंभी राजाराममहाराज गडाबाहेर पडले. येसूबाई सात वर्षांच्या शाहूंसह गडावरच राहिल्या. नोव्हेंबरात गड मोगलांच्या हाती गेला आणि राजकुटुंब कैद झाले. तेव्हापासून औरंगजेबाची छावणी जिकडे गेली तिकडे हे कुटुंब गेले. १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटले. परंतु येसूबाईंना ओलीस म्हणून दिल्लीकडे नेण्यात आले. बाळाजी विश्वनाथ आणि सय्यद बंधू यांच्यात ठरलेल्या तहात त्यांची सुटका हे एक कलम होते. १७१९ साली फर्रुखसियर पदच्युत झाल्यावर त्या सुटल्या आणि साताऱ्यास आल्या. रायगडावरून उतरताना ज्या मुलाचा हात धरला होता तो आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता. कैदेची वर्षे जवळजवळ तीस.

आठ आणि तीस या दोन आकड्यांचे प्रमाण मराठी ललित वाङ्मयात नेमके उलटे झाले आहे. आठ वर्षांवर हजारो पृष्ठे लिहिली गेली. तीस वर्षे उपसंहारात, टिपेत किंवा 'पुढे त्यांना दीर्घ कारावास भोगावा लागला' अशा एखाद्या वाक्यात उरली. हे केवळ विषयनिवडीचे प्रमाण असते तर त्यावर लेखणी झिजविण्याचे कारण नव्हते. परंतु प्रमाण उलटे झाल्यामुळे व्यक्तीचा अर्थही उलटा झाला. ज्या बाईने आयुष्याचा मोठा भाग पतीवाचून, राज्यावाचून, शत्रूच्या छावणीत, आपल्या माणसांचे जीव आणि आपल्या मुलाचा वारसा सांभाळत काढला, ती मराठी वाचकाच्या मनात प्रामुख्याने औक्षणाचे तबक घेऊन उभी आहे.

३

येसूबाईंची व्यक्तिरेखा इतिहासातून घडविली गेली नाही, याचा एक पुरावा वाङ्मयाच्या आतच सापडतो. संभाजीराजांची प्रतिमा मराठीत एकदा नव्हे, मुळापासून उलटी झाली. मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीने, ज्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजीराजांनी देहान्त शासन दिले होते, व्यसनी आणि उच्छृंखल राजपुत्राचे जे चित्र रंगविले, त्यावर नाटककारांची एक पिढी पोसली गेली. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले 'राजसंन्यास' आणि औंधकरांचे 'बेबंदशाही' ही त्या परंपरेची ठळक नावे. पुढे वा. सी. बेंद्रे यांचे १९६० चे चरित्र आणि कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' यांनी बखरीचा पाया उखडून टाकला. 'छावा'ने त्या संशोधनाला लोकप्रिय रूप दिले. व्यसनी राजपुत्राच्या जागी विद्वान, पराक्रमी आणि हौतात्म्य पत्करणारा राजा उभा राहिला. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा 'राजसंन्यास'मधील चित्रणाच्या रागातून उखडला गेला, इतका हा पालट लोकमानसात खोल गेला होता.

नायक असा आमूलाग्र बदलल्यावर त्याच्या पत्नीचे चित्र तरी बदलावयास हवे होते. ते बदलले नाही. नायक उधळा असताना ती सोशिक होती. नायक तेजस्वी झाला तेव्हाही ती सोशिकच राहिली. पूर्वी ती पतीचे दोष पोटात घालीत होती, आता त्याच्यावरील अन्याय पोटात घालू लागली. सासरे आणि पती यांच्यातील दुवा, सासूच्या कारस्थानापुढची शालीनता, मोहिमेवरून परतणाऱ्या राजाचे विश्रांतिस्थान या तिच्या जबाबदाऱ्या दोन्ही परंपरांत सारख्याच आहेत. ज्या व्यक्तिरेखेचा पती खलपुरुष असो वा हुतात्मा, तिच्यात तसूभर फरक पडत नाही, ती व्यक्तिरेखा नसून कथानकातील एक कार्य आहे, हे रचनावादी विश्लेषणाचा पहिला धडा घेतलेल्या विद्यार्थ्यालाही कळावे. संशोधनाने संभाजीराजांची सुटका केली; येसूबाई बखरीतच राहिल्या.

या कार्याला बाधा येऊ नये म्हणून दुसरी एक स्त्री तर जवळजवळ पुसलीच गेली. संभाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी दुर्गाबाई आणि भगिनी राणूबाई या दिलेरखान प्रकरणात मोगलांच्या ताब्यात गेल्या. कैद ही या घरातील स्त्रियांच्या वाट्याला १६८९ च्या दहा वर्षे आधीच आली होती, हे या घटनेचे महत्त्व. परंतु एकनिष्ठ युगुलाच्या आधुनिक कल्पनेत दुसऱ्या पत्नीला जागा नसते. येसूबाईंना 'एकमेव सखी' करण्याची किंमत दुर्गाबाईंनी मोजली; आणि 'प्रथम पत्नी' या शब्दातील 'प्रथम'ला अर्थ देणारी वस्तुस्थितीच वाचकासमोरून नाहीशी झाली.

४

या आक्षेपावर एक ठरावीक उत्तर दिले जाते: कैदेच्या काळाची कागदपत्रे थोडी, मग लेखकाने लिहावे कशाच्या आधारावर? हे उत्तर सभ्य दिसते, म्हणून त्याची तपासणी जरा कठोरपणे केली पाहिजे.

'राजसंन्यास'मधील तुळशीला कोणत्या दप्तराचा आधार होता? भालजी पेंढारकरांच्या १९४१ च्या चित्रपटाने घरोघर पोहोचविलेल्या थोरातांच्या कमळेला कोणत्या कागदाचा आधार होता? जेथे पुरावा नव्हता तेथे मराठी प्रतिभेने राजाला प्रेयसी दिल्या, त्यांना नावे दिली, गावे दिली, गाणी दिली. जेथे कैदेचे स्थळ, काळ, सोबतची माणसे आणि सुटकेच्या अटी इतिहासाला ठाऊक आहेत, तेथे मात्र तीच प्रतिभा एकाएकी पुराव्याची भोक्ती झाली. अर्थात उणीव कागदांची नव्हती. स्त्रीसंबंधी कशाची कल्पना करावीशी वाटते आणि कशाची वाटत नाही, याचा हा निर्देशांक आहे.

शिवाय कागद अगदीच नाहीत असेही नाही. छावणीतील पैशाच्या ओढगस्तीविषयी येसूबाईंनी चिंचवडच्या देवांना लिहिलेल्या पत्राची दखल इतिहासकारांनी घेतली आहे. राजस्त्रीने कर्जाची आणि खर्चाची विवंचना लिहावी, यात कादंबरीला हवे असलेले काव्य नाही. त्यात दिव्यत्व नाही, तेज नाही, अश्रूही नाहीत, हिशेब आहे. पण कैद म्हणजे प्रत्यक्षात काय असते, हे अशा हिशेबातूनच कळते. बादशाहाच्या कैदेतील राजकुटुंब म्हणजे तळघरातील साखळदंड नव्हे. ते एक संपूर्ण घर असते. त्यात चाकरमाणसे असतात, त्यांना खायला घालावे लागते, मुलांची लग्ने होतात, पहारेकऱ्यांशी वागावे लागते, अब्रू राखावी लागते आणि उसनवारी करावी लागते. मराठी कादंबरीने संभाजीराजांच्या शरीरावरील प्रत्येक जखम मोजली. त्यांच्या पत्नीने तीस वर्षे घर कसे चालविले हे मोजण्याची तिला गरज भासली नाही.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ मध्ये सिरमूरच्या राणीवर लिहिलेला निबंध मराठी स्त्रीवादी समीक्षेत वारंवार उल्लेखिला जातो. कंपनी सरकारला त्या डोंगरी राज्यात रस असतो तोवरच राणी दप्तरात दिसते. तो संपताच ती दप्तरातून लुप्त होते, हे त्यातील एक मध्यवर्ती निरीक्षण. येसूबाईंच्या बाबतीत मोगल आणि मराठे या दोन्ही दप्तरांनी हेच केले. रायगड पडतो तेव्हा त्या दिसतात, शाहू सुटतात तेव्हा ओलीस म्हणून दिसतात, तह होतो तेव्हा कलम म्हणून दिसतात. चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा, पंधरा हजार स्वारांची चाकरी, दहा लाखांची पेशकश आणि छत्रपतींची मातोश्री ही सगळी एकाच वाटाघाटीची कलमे. दप्तराचे हे वर्तन समजण्यासारखे आहे; दप्तर सत्तेचे असते. परंतु दप्तर जेथे गप्प बसते तेथे बोलण्यासाठी कादंबरी असते, असे कादंबरीचे समर्थक नेहमी सांगतात. येथे कादंबरी दप्तराहूनही अधिक गप्प बसली.

५

मौनाचे खरे कारण अन्यत्र आहे आणि ते वाङ्मयप्रकाराच्या घडणीत आहे.

फ्रँक कर्मोड यांनी कथनाच्या अंताविषयी मांडलेला विचार असा की, शेवट हा मागील साऱ्या घटनांना अर्थ पुरवितो. शेवटाच्या अपेक्षेनेच मधला काळ नुसता काळ न राहता कथानक होतो. मराठीतील संभाजीकथेला असा अर्थपूर्ण शेवट वढू येथे आयता मिळाला. तेथील मृत्यू इतका दारुण आणि इतका निःसंदिग्ध आहे की त्याने मागच्या साऱ्या गुंत्याची उकल होते. दिलेरखानाकडे जाणे, अष्टप्रधानांशी वितुष्ट, शिर्क्यांशी वैर या सर्व अवघड गोष्टी त्या शेवटच्या उजेडात धुऊन निघतात. राजा एका बाजूला, बादशाह दुसऱ्या बाजूला, मध्ये मृत्यू. ऐतिहासिक कादंबरीला हवी असलेली स्वच्छ रेषा वढूला मिळते.

येसूबाईंची तीस वर्षे या रेषेवरच येऊन उभी राहतात. त्या छावणीत शाहूंना मनसब आहे. बादशाहाची कन्या झीनतुन्निसा त्या मुलाची काळजी वाहते. धर्मांतराचे संकट येते तेव्हा प्रतापराव गुजरांचा मुलगा खंडेराव शाहूंच्या जागी धर्म बदलतो आणि छत्रपतींचा वारस वाचतो. सुटल्यानंतर शाहू खुलताबादला औरंगजेबाच्या थडग्याशी जातात, असे इतिहासकार नोंदवितात. ज्याने बापाला हालहाल करून मारले त्याच्याच छत्राखाली मुलगा मोठा होतो आणि आईला हे दररोज पाहावे, सोसावे, कदाचित घडवूनही आणावे लागते. येथे शत्रू म्हणजे कोण, आश्रय म्हणजे काय, निष्ठा कोणाशी, याची उत्तरे वढूच्या प्रसंगाइतकी सोपी नाहीत. मराठी ऐतिहासिक कादंबरीचे व्याकरण या जगात चालत नाही, म्हणून ती या जगाच्या दारातून परतते. बाईवरील अन्याय हा या माघारीचा परिणाम आहे. आपल्या दोनरंगी जगाला तडा जाईल ही धास्ती हे तिचे कारण.

येथे जॉर्ज लुकाच यांच्या ऐतिहासिक कादंबरीविषयक विवेचनाची आठवण अपरिहार्य ठरते. स्कॉटच्या कादंबऱ्यांचे बलस्थान त्यांनी असे दाखविले की, इतिहासातील थोर पुरुष त्यांत कडेला असतात. मध्यभागी अशी व्यक्ती असते जिचा परस्परविरोधी अशा दोन्ही छावण्यांशी मानवी संबंध येतो आणि जिच्या द्वारे संपूर्ण समाजाचा संघर्ष दिसू शकतो. मराठीत हे विवेचन शिकविले गेले, परीक्षेत विचारले गेले. परंतु त्याच्या कसोटीवर मराठी कादंबरी घासून पाहिली गेली ती बहुधा 'आमच्याकडे थोर पुरुषच मध्यभागी का' एवढी तक्रार करण्यापुरती. वस्तुतः लुकाच यांना अभिप्रेत असलेले केंद्र मराठी इतिहासात तयार होते. दोन्ही छावण्या आतून पाहिलेली, दोन्हींची भाषा आणि रीत ओळखणारी, रायगडचा दरबार आणि बादशाहाचा तळ यांच्यातील अंतर स्वतःच्या आयुष्यात भोगलेली व्यक्ती येसूबाईंहून अधिक कोण? लुकाच यांचा मधला नायक सामान्य असतो आणि येसूबाई राणी होत्या, हा आक्षेप तांत्रिक आहे. कैदेने राणीपणाचा बराचसा भाग काढून घेतल्यावर उरते ती मध्यस्थाचीच जागा.

६

आणखी एक शब्द तपासला पाहिजे: 'त्याग'. राजाराममहाराजांना पुढे करून स्वतः मुलासह गडावर राहण्याचा निर्णय इतिहासकारांनी येसूबाईंच्या नावे नोंदविला आहे आणि ललित वाङ्मयाने त्याला एकमुखाने त्याग म्हटले आहे. आईने मुलाचे राज्य दिराला दिले, असा त्याचा भावार्थ. ही मांडणी वरवर गौरवाची असली तरी तिने निर्णयातील राजकारण काढून घेतले.

त्या वेळच्या परिस्थितीत पर्याय होते. सात वर्षांच्या मुलाच्या नावाने राज्य चालवून त्याच्या आईने कारभार हाती घेणे हा एक पर्याय होता. अवघ्या अकरा वर्षांनी ताराबाईंनी नेमके तेच केले. दुसरा पर्याय म्हणजे वारसाला घेऊन सर्वांनी गड सोडणे; एका धाडीत वंशच बुडण्याचा धोका त्यात होता. निवडलेला मार्ग तिसरा: वयाने मोठ्या व्यक्तीकडे गादी, तिला गडाबाहेर मोकळीक आणि ज्याचा हक्क मूळचा तो वारस दुसऱ्या ठिकाणी. एक पकडला गेला तरी दुसरा उरतो. ही विभागणी थंड डोक्याने केलेली राज्यनीती आहे. नेहमी उद्धृत केल्या जाणाऱ्या 'श्री सखी राज्ञी जयति' या मुद्रेतील 'सखी'वर भाळलेल्या वाङ्मयाने 'राज्ञी'कडे लक्ष दिले असते तर हे दिसले असते.

आणि राज्यनीतीला परिणाम असतात, त्यागाला नसतात. ज्या निर्णयाने १६८९ मध्ये राज्य वाचले त्याच निर्णयाने दोन वैध हक्क निर्माण केले. १७०७ मध्ये शाहू परतले तेव्हा राजाराममहाराजांची विधवा आपल्या मुलाचा हक्क घेऊन समोर उभी होती. खेडला लढाई झाली. पुढे सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये झाली. दिल्लीत ओलीस असलेल्या बाईपर्यंत या बातम्या पोहोचल्या असतील तर तिला काय वाटले असेल? आपल्याच निर्णयाची ही फळे तिने कशी पाहिली असतील? शोकात्मिकेला याहून समर्थ द्रव्य मराठी इतिहासात क्वचित असेल. परंतु 'त्याग' हा शब्द उच्चारला की विचार थांबतो. त्यागमूर्तीला चुका नसतात, पश्चात्ताप नसतो, द्विधा नसते. म्हणून तिची कादंबरीही होऊ शकत नाही, केवळ आरती होते.

याच्या उलट टोकाला जाण्याचा मोहही टाळावयास हवा. सोशिक पत्नीच्या जागी वीरांगना उभी केली म्हणजे उपेक्षा संपली, अशी समजूत अलीकडे बळावली आहे. ती समजूत पुरुषांच्या मोजपट्टीनेच स्त्री मोजते. ताराबाई लढल्या म्हणून वाङ्मयाला सोयीच्या वाटल्या. येसूबाईंच्या हाती तलवार देऊन त्यांनाही सोयीचे करून घेणे हा दुसरा अन्याय होईल. तीस वर्षांच्या कैदेत शौर्य होते असे सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. टिकून राहणे ही कथनाला आव्हान देणारी गोष्ट आहे, कारण तिला प्रसंग नसतात, केवळ काळ असतो. हे आव्हान स्वीकारणारे शिल्प मराठीत निर्माण झाले नाही, ही खरी वाङ्मयीन तक्रार आहे.

७

येथे पुन्हा वढूकडे वळणे प्राप्त आहे. बेंद्रे यांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे या गावातील समाधीकडे लक्ष वेधले. आज फाल्गुन अमावास्येला तेथे मोठा समुदाय लोटतो. जवळच भीमा आणि इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर आहे, तेथेही स्मारक आहे. वढूला कवी कलशांची समाधी आहे. राजांच्या देहाचे अंत्यसंस्कार कोणी केले यासंबंधी गावात दोन परंपरा आहेत: एक शिवले घराण्याचे नाव घेते, दुसरी महार समाजातील गोविंद गोपाळ यांचे. डिसेंबर २०१७ मध्ये गोविंद गोपाळ यांच्या समाधीपाशी लावलेल्या फलकावरून जो तणाव झाला, त्यानंतर थोड्याच दिवसांत १ जानेवारी २०१८ रोजी शेजारच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. अंत्यसंस्काराचा मान हा प्रतिष्ठेचा, जातीचा आणि इतिहासावरील हक्काचा प्रश्न झाला. ज्या समाजघटकांचे नाव इतिहासातून पुसले गेले त्यांनी ते परत मागावे, यात गैर काही नाही. उलट स्मृतीच्या राजकारणाचा तोच निरोगी भाग आहे.

परंतु या साऱ्या वादात एक प्रश्न कोणत्याही बाजूने विचारलेला आढळत नाही. देह कोणी गोळा केला, अग्नी कोणी दिला, समाधी कोणी राखली, हे विचारले जाते. जिचा नवरा गेला ती तेव्हा कोठे होती आणि नंतर कोठे गेली, हे विचारले जात नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे: ती रायगडावर होती आणि वेढा पडण्याच्या बेतात होता. दुसऱ्याचे उत्तर फारसे कोणाला ठाऊक नाही. रायगड पडल्यावर येसूबाई आणि शाहू यांना बादशाही तळावर आणले गेले, आणि तो तळ त्या वेळी कोरेगावी होता. म्हणजे पतीच्या वधानंतर आठ महिन्यांनी, कैदी म्हणून, त्या याच भीमेच्या काठी, वढूपासून हाकेच्या अंतरावर येऊन पोहोचल्या. ज्या जागी मराठी कादंबरी संपते, जवळजवळ त्याच जागी येसूबाईंची कैद सुरू होते.

हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर समीक्षकांनी त्याच्या रचनाकौशल्याची वाखाणणी केली असती. इतिहासाने तो रचला, आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी व नाटक यांच्या मुख्य प्रवाहाने तो उचलला नाही, कारण त्या दिवशी नायक तेथे नव्हता. काठावर तीच नदी होती, तोच तळ होता, तोच बादशाह होता. विधवा आणि सात वर्षांचा मुलगा एवढेच नवे होते. वधाचा प्रसंग पानोपानी रंगविणाऱ्या परंपरेला या दुसऱ्या आगमनात काही घडले असे वाटले नाही.

श्रीमान योगींच्या प्रस्तावनेत नरहर कुरुंदकरांनी ऐतिहासिक कादंबरीकाराशी पुराव्याच्या पातळीवर जो वाद घातला तो मराठी समीक्षेचा एक उंच बिंदू मानला जातो. ती शिस्त शिवाजीमहाराजांसाठी वापरली गेली, पुढे संशोधकांनी संभाजीराजांसाठी वापरली. येसूबाईंपाशी आल्यावर मात्र पुराव्याची जागा प्रशस्तीने घेतली आणि छाननीची जागा 'न्याय दिला' या दोन शब्दांनी. पुढील वेळी हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी परीक्षणकर्त्याने समोरच्या पुस्तकाचे शेवटचे पान उघडून साल पाहावे. ते १६८९ असेल तर निकाल राखून ठेवावा. फिर्यादी अजून कोरेगावच्या तळावर आहे आणि तिची साक्ष व्हावयाची आहे.